हातातल्या कामात मन असले म्हणजे जगण्याला अर्थ लाभतो का?

मांजराकाठ (लातूर)

‘या क्षणात जगा’ हा सल्ला आता इतक्या ठिकाणांहून ऐकू येतो की तो तपासून पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. तो कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात असतो, आहेरात आलेल्या पुस्तकात असतो आणि सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशात तर असतोच. मला त्याला विरोध करायचा नाही. परंतु त्यात दोन वेगळे दावे एकमेकांत मिसळले आहेत असे वाटते आणि ते सुटे करून पाहावेत म्हणून हा धागा काढत आहे. पहिला दावा असा की जे चालले आहे त्यातच मन असेल तर माणूस अधिक समाधानी राहतो. दुसरा असा की त्यामुळे रोजच्या साध्या जगण्याला अर्थ लाभतो. पहिल्याला काही आधार आहे. दुसऱ्याचा नीटसा युक्तिवाद माझ्या वाचनात अजून आलेला नाही.

आधार म्हणून बहुतेक वेळा २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या, हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांच्या अभ्यासाचा उल्लेख होतो. त्यांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अवचित वेळी आयफोनवरून विचारले की आता काय करत आहात, मन त्यातच आहे का आणि कसे वाटते आहे. जितक्या वेळा विचारले त्यांपैकी ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, आणि मन भटकलेले असताना माणसे कमी आनंदी होती. मन एखाद्या सुखद गोष्टीकडे गेलेले असले तरीही ती कामात मन असलेल्या वेळेपेक्षा अधिक आनंदी नव्हती, हा त्यातला भाग मला विशेष वाटतो. हे सारे समाधानाविषयी झाले. अर्थाचा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नाही.

माझे स्वतःचे म्हणणे पेरणीवरून सांगतो. तिफणीने (बैलांनी ओढायच्या तीन फणांच्या औजाराने) पेरणी होत असे तेव्हा चाड्यावर (बी सोडण्याच्या लाकडी वाटीवर) मूठ धरणे हे घरातल्या जाणत्या माणसाचे, पुष्कळदा बाईचे, काम असे. ओटीतले बी मुठीत घेऊन चाड्यात अशा बेताने सोडायचे की ते तिन्ही नळ्यांतून सारखे पडावे, आणि बैलांची चाल बदलली की मुठीची चालही बदलावी. मन दुसरीकडे गेले की एखाद्या तासात (पेरणीच्या ओळीत) बी दाट पडते आणि एखादा तास रिता जातो. त्या वेळी हे कोणालाच दिसत नाही. उगवण झाली की मात्र बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. ज्या कामात आपले लक्ष असणे किंवा नसणे अशा रीतीने कुठेतरी उमटते, त्या कामात माणसाला अर्थ सापडतो असे मला वाटते. माझी कार्यालयातली टिपणी मी मन लावून लिहिली काय किंवा डोळे मिटून लिहिली काय, फाइल त्याच टेबलांवरून त्याच गतीने फिरते. तिथे ‘क्षणात’ राहून मला फक्त पंख्याचा आवाज अधिक स्पष्ट ऐकू येतो.

तेव्हा विचारतो: लक्ष दिल्याने अर्थ निर्माण होतो, की ज्याला आधीपासून अर्थ असतो तिथेच लक्ष टिकते?

तगर (तेर)

गोरोबाकाकांच्या गावचा असल्यामुळे या विषयात मला एका कथेपाशी थांबावे लागते, आणि ती कथा ‘कामात मन लावा’ म्हणणाऱ्यांची सोय करणारी नाही. बायको पाण्याला गेली आहे, मुलाकडे लक्ष ठेवा असे सांगून गेली आहे आणि काका नामस्मरण करत चिखल तुडवत आहेत. मूल रांगत त्या चिखलात येते आणि पायाखाली तुडवले जाते, तरी त्यांना कळत नाही. त्या क्षणात त्यांच्याइतके कोण बुडालेले असेल? कीर्तनात ही भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगितली जाते आणि पुढे पंढरीत मूल परत मिळाल्याचेही सांगितले जाते. पण लहानपणापासून ऐकताना मी मनाने त्या पाण्याला गेलेल्या आईच्या बाजूलाच उभा राहत आलो.

त्याच गोरोबाकाकांची दुसरी कथा याच्या अगदी उलट आहे. संतमंडळी जमलेली असताना ते थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटी मारतात आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचे सांगतात. थापटीच्या आवाजावरून भाजलेले आणि कच्चे ओळखणे ही कुंभाराची रोजची विद्या आहे. मन जरा ढळले तर ती चालत नाही. एका कथेत जवळचे रडणेही ऐकू येत नाही आणि दुसरीत बारीकसा नादभेदही सुटत नाही.

म्हणून मांजराकाठ यांना माझे सांगणे असे की तल्लीन होणे आणि सावध असणे यांतला फरक आधी मान्य करावा. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी ज्या अवस्थेला ‘फ्लो’ म्हटले, तीत माणसाचे वेळेचे आणि स्वतःचे भान सुटते आणि काम मात्र उत्तम होते. चित्रकाराला, खेळाडूला ती सुखाची वाटते यात शंका नाही. परंतु मोबाइलवरचा खेळ खेळणारा मुलगाही तासन्‌तास तसाच तल्लीन असतो, आणि त्याला आपण अर्थपूर्ण जगणे म्हणत नाही.

नाथसागर (पैठण)

तेरच्या मुलाशेजारी पैठणचे मूल ठेवून पाहावे. भर दुपारी गोदावरीवर निघालेल्या एकनाथांना तापलेल्या वाळवंटात पोळून रडणारे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरचे मूल दिसले आणि त्यांनी ते कडेवर उचलून त्याच्या घरी पोचवले, ही कथा आमच्याकडे शेंबडे पोरही सांगते. काशीची कावड रामेश्वराला नेताना ती तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केल्याची कथाही तशीच. दोन्ही वेळी नाथांच्या मनात एक ठरलेले कार्य होते, ते पवित्र होते, आणि ते त्यांनी मध्येच मोडू दिले.

ज्याचे लक्ष असे मोडता येते तोच खरा हजर असतो, एवढेच मला म्हणायचे आहे. ध्यानाला बसलेल्या माणसाला नातवाने हाक मारली की तो चिडतो, हे मी घरात पाहिले आहे. कोणाच्या घरात ते सांगत नाही.

गोदातीर (गंगाखेड)

इथपर्यंतच्या सर्व प्रतिसादांत काम करणाऱ्याने ते काम निवडलेले आहे, किंवा निदान त्या कामाला मान आहे. मला जात्याविषयी बोलायचे आहे.

माझ्या आजीच्या पिढीतील बायका पहाटे, कोंबडा आरवण्याच्या सुमाराला, दळायला बसत. गाव उठण्याआधी घरच्या सगळ्या माणसांच्या भाकरीचे पीठ पडलेले असावे लागे. दळताना त्या ओव्या म्हणत, आणि त्या ओव्यांत जाते सोडून सगळे आहे: माहेरची वाट आहे, माहेरी न्यायला मुराळी म्हणून येणारा भाऊ आहे, पंढरीचा रस्ता आहे, सासूला उघडपणे न देता येणारी उत्तरे आहेत. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातील बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यांच्याच संग्रहात आहेत. त्या ऐकाव्यात. हात दगडाला जुंपलेले आहेत आणि मन दीक्षेपाशी, संविधानापाशी पोचलेले आहे.

मग त्या हार्वर्डच्या अभ्यासाचे काय करावे? त्याच्या मापाने माझी आजी रोज पहाटेचे दोन तास ‘भटकलेली’ होती. त्या अभ्यासातली माणसे आयफोन बाळगणारी आणि बहुतांशी अमेरिकेतली होती, हे इथे विसरून चालणार नाही. सासुरवाशिणीला रजा नसे. मनाने माहेरी जाऊन येणे एवढी एकच रजा तिला मिळत होती, आणि तीच तिच्याकडून काढून घेऊन ‘जात्यात मन लाव, अर्थ सापडेल’ असे सांगणारा माणूस मला शहाणा वाटणार नाही. तिचे हात मात्र चुकत नसत. वैरण (जात्यात घालायचे दाणे) बेताची पडे, पीठ जाडे-बारीक होत नसे. म्हणजे लक्षाचेही हाताचे आणि मनाचे असे दोन वाटेकरी असू शकतात.

जनाबाई आमच्या गंगाखेडची, म्हणून तिचा दाखला मला नेहमी दिला जातो: ती नाही का दळता-कांडताना देवाला गात होती? होती. परंतु तिच्या अभंगांत देव येतो तो दळू लागण्यासाठी, शेण्या वेचू लागण्यासाठी. दुसऱ्याच्या घरी दासी असलेल्या बाईला काम हलके करणारा सोबती हवा होता. कामाच्या ठिकाणी आपल्यासोबत कोणीतरी आहे, या जाणिवेतून अर्थ आला असे मी तिच्याकडून शिकते. दगडाकडे टक लावून पाहिल्याने तो आला असे ती कुठेही म्हणत नाही.

कोरडवाहू (केज)

विषय पोट भरलेल्यांचा आहे असे म्हणून बाजूला होणार होतो, परंतु गोदातीर ताईंचे वाचून लिहितो. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली तेव्हा मी मुलाच्या शिक्षणासाठी तिथे खोली करून राहत होतो. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात घरातल्या प्रत्येकाला प्रत्येक तांब्याचे भान होते. भाज्या धुतलेले पाणी कुठे जाते, घागर किती भरली आहे, टँकरचा हॉर्न किती गल्ल्या पलीकडे वाजला, हे झोपेतही कळत असे. लक्ष म्हणाल तर इतके लक्ष आयुष्यात कधी दिले नसेल.

त्यातून अर्थ वगैरे काही लाभला नाही. रांगेतली भांडणे लाभली. मृग कोरडा गेल्यावर शेतकरी आभाळाकडे जसे पाहतो तसे ते पाहणे होते. दुबार पेरणीचे बी उधारीवर आणायचे असेल तर माणूस वर्तमानात राहतच नाही; तो मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) पुढच्या भावात आणि मागच्या हप्त्यात राहतो, आणि त्याला तसे राहणे भाग असते. धाक असला की लक्ष आपोआप येते. त्या लक्षाला आणि तुमच्या चाड्यावरच्या मुठीला एकाच मापाने मोजू नये.

वाघूर (छत्रपती संभाजीनगर)

चर्चेत बौद्ध परंपरेचा उल्लेख अजून झाला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण आज दुकानांत मिळणाऱ्या ‘माइंडफुलनेस’चे मूळ तिथे आहे. सतिपट्ठान सुत्तात (बुद्धांच्या एका उपदेशात) शरीर, वेदना (सुखदुःखाच्या संवेदना), चित्त आणि धम्म अशा चार ठिकाणी स्मृती, म्हणजे जागरूक लक्ष, स्थिर करण्यास सांगितले आहे, आणि त्यात पुढे जाणे, मागे वळणे, हात आखडणे-पसरणे, खाणे, पिणे, मलमूत्रविसर्जन, बोलणे आणि गप्प राहणे यांचाही समावेश आहे. म्हणजे रोजचे जगणे वगळून वेगळी साधना सांगितलेली नाही. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घ दुखणे असलेल्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला तेव्हा या साधनेतला लक्षाचा भाग घेतला आणि तिची धार्मिक चौकट बाजूला ठेवली. रुग्णांना त्याचा उपयोग झाला, त्याविषयी माझी तक्रार नाही.

परंतु मूळ शिकवणीत हे लक्ष जगणे गोड लागावे म्हणून द्यायचे नसते. जे येते ते जाते, हे स्वतःच्या श्वासावर आणि गुडघ्याच्या कळेवर पडताळून पाहण्यासाठी ते द्यायचे असते. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचे शिबिर करून आलेल्या कोणालाही विचारावे. पहिले काही दिवस सुखाचे असतात असे कोणी सांगणार नाही. अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या विहारात बारा खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत झोपण्यासाठी दोन दगडी ओटे आहेत. एकांत म्हणून आपण ज्याची कल्पना करतो तिथेही शेजारी दुसरा भिक्खू होताच, हे मला तिथे गेल्यावर दर वेळी जाणवते. गोदातीर यांनी सोबतीविषयी जे लिहिले त्याच्याशी हे जुळते.

कोरडवाहू यांच्या मुद्द्यावर एवढेच म्हणेन की धाकाने येणारे लक्ष आणि तृष्णेने येणारे लक्ष यांना ही परंपरा सम्यक स्मृती म्हणतच नाही. तहानेल्याला ‘तहानेकडे साक्षीभावाने पाहा’ असे सांगणे हा त्या शिकवणीचा विपर्यास ठरेल. चवदार तळ्याचा सत्याग्रह करणाऱ्यांनी पुढे हा धम्म स्वीकारला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको.

मांजराकाठ (लातूर)

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. तगर यांनी केलेला भेद मला मान्य आहे, आणि माझ्या उदाहरणात तो आधीपासून होता असेही वाटते. चाड्यावर मूठ धरणारी बाई तल्लीन झाली तर पेरणी बिघडेल. तिला बैलांकडे, जमिनीच्या ओलीकडे आणि मुठीकडे एकाच वेळी बघावे लागते.

गोदातीर ताईंचा आक्षेप मात्र अधिक खोल आहे. लक्ष कामात उमटले की अर्थ येतो, असे मी म्हणालो होतो. त्यांच्या आजींचे लक्ष पिठात उमटत होतेच, आणि तरीही अर्थ ओवीत होता. याचे माझे उत्तर असे की दळणाला अर्थ ज्यांच्यासाठी दळायचे त्यांच्यामुळे होता, आणि ती माणसे त्या कामाची दखल घेत नव्हती. पीठ चांगले पडले तर कोणी बोलत नसे. जाडे पडले तर बोलत. लक्ष उमटते, परंतु ते पाहणारा डोळा नसतो. अशा ठिकाणी माणूस तो डोळा ओवीत, देवात किंवा माहेरच्या भावात शोधत असावा. म्हणून माझे विधान मी असे मांडेन: लक्ष उमटले पाहिजे आणि ते कोणाला तरी दिसले पाहिजे.

कार्यालयाच्या बाबतीत हे मला अधिक पटते. माझ्या टेबलावर वारसनोंदीची प्रकरणे येतात. कागदावर ती सगळी सारखीच असतात. अर्जदार समोर बसलेला असला की तीच प्रकरणे मी वेगळी वाचतो.

दुधना (सेलू)

थोडे वेगळे लिहितो. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. ‘फक्त या क्षणात’ राहणारा माणूस कसा असतो हे मी रोज पाहतो, आणि तो सल्ला देणाऱ्यांनी एकदा ते पाहावे असे वाटते. त्यांना सकाळचे जेवण संध्याकाळी आठवत नाही, उद्या सोमवार आहे याने त्यांना काही फरक पडत नाही. त्यांच्याजवळ फक्त समोरचा क्षण उरला आहे, आणि तो बहुतेक वेळा भीतीचा असतो, कारण त्याच्या मागे-पुढे काहीच जोडलेले नसते. आपण कोणाच्या घरात बसलो आहोत हे त्यांना उमगत नाही.

यावरून माझी समजूत अशी झाली आहे की अर्थ हा काल आणि उद्या यांच्या आधारानेच उभा राहतो. वर्तमानात राहणे ज्यांना सुखाचे वाटते त्यांच्या पाठीशी आठवणींचे आणि बेतांचे भरलेले घर असते, म्हणून त्यांना अंगणात निवांत बसता येते. पेरणाऱ्याचे लक्ष त्या तासात असले तरी मनात धान्याच्या राशीचा विचार असतोच. तो काढून टाकला तर मुठीतले बी हे केवळ दाणे उरतील.

वडिलांची सेवा करताना मात्र मला स्वतःला हजर राहावे लागते. घाईत शर्टाची गुंडी लावायला गेलो तर ते हात झटकतात; सावकाश, त्यांच्याकडे बघून लावली तर लावू देतात. मांजराकाठ म्हणतात तसे लक्ष इथे लगेच उमटते, परंतु दुसऱ्या दिवशी त्याची कोणतीही खूण राहत नाही. ते कोणाला दिसते, असे विचाराल तर मलाच दिसते. तेवढे पुरेसे आहे का, हे मी अजून ठरवलेले नाही.

तगर (तेर)

दुधना यांनी चर्चा जिथे नेली तिथे गोरोबाकाकांच्या कथेचा शेवट मला पुन्हा वाचावासा वाटतो. मूल परत मिळते तो भाग आजवर मी चमत्कार म्हणून सोडून देत असे. आई पंढरीपर्यंत जाते आणि टाहो फोडते, आणि तो टाहो ऐकला जातो, या क्रमाकडे पाहिले तर कथा त्या आईची होते.

कोरडवाहू (केज)

मुठीवर इतके बोलणे झाले म्हणून सांगतो: आमच्या भागात आता तिफण क्वचितच दिसते. पेरणी ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने होते आणि पीक बहुतेक सोयाबीन. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रानात उतरलेला दिसला की तेवढे थांबणे जड जाते. सोयाबीनचे साल नाजूक असते, पोते आपटले तरी उगवण घटते, आणि बी खोल गेले तर वर येत नाही. म्हणजे लक्ष लागतेच, फक्त जागा बदलली आहे. चालवणारा पुढे बघतो, त्यामुळे ओल्या मातीने एखादी नळी तुंबली तर त्याला कळत नाही. म्हणून मी मागून चालतो. भाड्याचा ट्रॅक्टर घड्याळी तासाच्या दराने असतो आणि चालवणाऱ्याला पुढच्या रानात जायचे असते, तेव्हा ‘थांब रे’ म्हणणारा मागे कोणीतरी लागतो. यात अर्थ आहे की नाही ते तुम्ही ठरवा. न चाललो तर किती तास रिते जातील ते मला ठाऊक आहे.

गोदातीर (गंगाखेड)

मांजराकाठ भाऊ, ‘पाहणारा डोळा’ हा मुद्दा पटला, परंतु तो डोळा पुरवण्याची जबाबदारी कोणाची हे तुम्ही मोकळे सोडले आहे. दळणाकडे न पाहणारे घरातच जेवायला बसलेले होते. त्यांनी पाहिले असते तर आजीला ओवीतला भाऊ कमी लागला असता का, हे मला सांगता येणार नाही; निदान तिला विचारता तरी आले असते.

तुम्हाला ज्यात लक्ष लगेच उमटते असे काम हवे आहे, तर महिनाभर घरच्या भाकरी तुम्ही करा. पीठ ताजे दळून आणा, कारण जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि थापताना भाकरी कडेने चिरते. विरी गेलेलीच असेल तर आधणाच्या पाण्यात मळा. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पाणी पूर्ण वाळण्याआधी उलटा. उशीर झाला तर तडे जातात, घाई झाली तर पापुद्रा सुटत नाही. पहिल्या आठवड्यात घरचे लोक काय म्हणतात ते इथे लिहा. दुसऱ्या आठवड्यापासून ते काहीच म्हणेनासे होतील, आणि मला त्यापुढचे तुमचे लिखाण वाचायचे आहे.